काकाचा ग्लास

पिवळ्या पट्ट्याचा नियम बारकीला आता पाठ झाला होता. जहाजावर चढताना प्रत्येकाच्या मनगटाला एक पट्टा बांधला होता. पाण्यात भिजून न सुटणारा, कापल्याशिवाय न निघणारा. एकवीस पूर्ण झालेल्यांना निळा आणि त्याखालच्यांना पिवळा. बारकी एकोणीस वर्षांची. निळ्या पट्ट्यांच्या बारच्या दारातून तिला नम्रपणे परत फिरवलं जाई, आणि रंगीत चेंडूंचा हौद असलेल्या मुलांच्या खोलीत तर तिला कुणी घेतलंच नसतं.

पहिल्या दिवशी तिला ते लागलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, की कुठल्याच कळपात नसण्याची मजाही काही कमी नाही. सकाळी सकाळी आइस्क्रीम खाल्लं तरी 'तू काय लहान आहेस का' असं म्हणायला कुणी नव्हतं. वरच्या डेकवरच्या नळकांड्यातून ती वळणं घेत खाली पाण्यात पडायची, ओरडायची, पुन्हा वर चढायची. टेबल टेनिसमध्ये तिने एका निवृत्त न्यायाधीशांना हरवलं होतं आणि त्यांनी निकाल मान्य केला नव्हता. तिच्यासारख्याच पिवळ्या पट्ट्यांच्या घोळक्यात ती रोज संध्याकाळी नाचायची. घरी, गाद्यांच्या कारखान्यात, पिंजलेला कापूस नाकातोंडात जाईल म्हणून कुणी फार हसतसुद्धा नाही. इथे समुद्राच्या वाऱ्यात तोंड उघडं टाकून हसता येत होतं.

आज शेवटचा दिवस होता. उद्या दुपारी जहाज बंदराला लागणार होतं. भिजलेल्या केसांनी ती पोहण्याच्या तलावापाशी असलेल्या सरबतांच्या काउंटरवर आली. पिवळ्यांना एवढाच काउंटर. मागे उभ्या असलेल्या मिशीवाल्याशी तिची आता चांगली ओळख झाली होती.

"काय देऊ? कलिंगड?"

"कलिंगडच," ती म्हणाली, आणि तिचं लक्ष ट्रेमधल्या ग्लासाकडे गेलं. जाड बुडाचा, ठेंगणा ग्लास. आत तपकिरी, सोनेरी झाक असलेलं काहीतरी, बर्फ, आणि वर तरंगणारी लवंग. "हे इथे कसं? हे तर निळ्यांचं आहे."

"कुठलं निळ्यांचं! थंड केलेला काळा चहा, सोडा आणि आल्याचे चार थेंब. एक साहेब रोज घेतात."

"दारू नाही?"

"या काउंटरवर दारू? माझी नोकरी जाईल." मिशीवाला कलिंगडाच्या फोडी टाकता टाकता हसला. "पहिल्याच दिवशी येऊन सांगून गेले, बाबा रे, ग्लास मात्र जाड बुडाचा दे, नाहीतर घरच्यांना संशय येतो. मी म्हटलं, साहेब, लोक उलटं सांगतात."

बारकीने त्या लवंगेकडे पुन्हा पाहिलं. "कोण साहेब?"

त्याने सुरीच्या टोकाने दाखवलं. तलावाच्या पलीकडे, छत्रीखाली, टोपी डोळ्यांवर ओढून तिचा काका पसरला होता. हातात तसाच एक ग्लास, तळाशी आलेला. आणि त्याच्या शेजारी खुर्चीच्या कडेवर बसून, पुढे वाकून, तिचे बाबा बोलत होते. ऐकू काही येत नव्हतं. पण बाबांचे खांदे हलत होते. बाबांना रडताना बारकीने जन्मात पाहिलं नव्हतं.

मिक्सर सुरू झाला, थांबला. कलिंगडाचा रस तिच्यापुढे आला. तिने त्याला हातही लावला नाही.

या घरात काकाचा ग्लास ही एक सोय होती. तसं कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी काका कारखान्यामागच्या ओट्यावर आपला ग्लास घेऊन बसे. वास लपवायला लवंग चघळे. कुणाचं मन फार भरून आलं की तो माणूस काहीतरी निमित्त काढून ओट्यावर जाई, बोलून मोकळा होई, आणि हलका होऊन परत येई. सकाळी काकाला काही आठवत नसे. "काल तू आला होतास का रे?" असं तो डोळे चोळत विचारी, आणि समोरचा सुटकेचा श्वास टाकी. दारुडा म्हणून त्याला कारखान्याच्या कुठल्याही कामात घेत नसत. आत्या त्याला येता-जाता टोमणे मारी. पण त्याचा ग्लास कुणी फोडला नव्हता.

कालच बारकीही त्याच्यापाशी बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा. जहाजाच्या मागच्या टोकाला, पाण्यावरच्या पांढऱ्या रेघेकडे बघत.

"काका, उद्या तुला आठवणार नाही ना?"

"मला दुपारी काय जेवलो ते आठवत नाही, बाळ."

मग तिने सांगितलं होतं. जुनी वस्त्रं जतन करण्याचं शिक्षण देणारी एक संस्था आहे, दूरच्या शहरात. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचं कापड, हात लावला तर पीठ होईल असं, ते धाग्याधाग्याने कसं वाचवायचं, ते शिकवतात. तिथे जागा मिळाली आहे. जहाज बंदराला लागायच्या दुपारपर्यंत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. पण अप्पा, तिचे आजोबा, जहाजावरच्या शेवटच्या जेवणात कारखाना तिच्या हाती सोपवणार. बाबांना एकट्याला झेपत नाही. त्यामुळे ती नाही म्हणून कळवणार. "कुणाला तरी सांगायचं होतं, म्हणून तुला सांगितलं," ती म्हणाली होती. काकाने ग्लासातला बर्फ हलवला होता आणि मान डोलावत समुद्राला काहीतरी म्हटलं होतं.

म्हणजे तो शुद्धीत होता. पूर्ण शुद्धीत. आणि डोलत होता.

*

"बिल्ला मिळत नाहीये," अप्पा म्हणाले.

आत्याने केबिनमधली गादी पुन्हा उचलून पाहिली. ही गादी पहिल्या दिवशीच तिने उलटीपालटी केली होती, काठाची शिवण नखाने उसवून बघितली होती, आणि खोली आवरायला आलेला पोरगा घाबरून आपल्या साहेबाला घेऊन आला होता. "टाके लांब घेतलेत," तिने त्या साहेबाला सांगितलं होतं. "दोन वर्षांत काठ बसेल." साहेबाने तिची माफी मागितली होती.

बिल्ला म्हणजे जहाजाच्या सुरक्षावाल्यांनी दिलेली पितळी चकती. ती मिळाली कशी, त्यावर घरात अजून हसणं चालू होतं. गादीचं जाड कापड कापायची मोठी कात्री, अप्पांच्या वडिलांची, जी ज्याच्या हाती जाते त्याचा कारखाना, ती अप्पांनी बॅगेत, कोटात गुंडाळून जहाजावर आणली होती. यंत्रातून बॅग गेली आणि सगळी रांग थांबली. "हे शस्त्र आहे," तिथला माणूस म्हणाला. "हे आमचं घर आहे," अप्पा म्हणाले. कात्री जप्त झाली, बिल्ला मिळाला, उतरताना दाखवा आणि घेऊन जा. अप्पांनी ठरवलं, मग बिल्लाच देऊ. आज जेवताना बारकीच्या हातात ठेवू.

"कोटात ठेवला होता. या इथे."

"मिळेल हो अप्पा. बिल्ला नसला म्हणून काय तुमचा शब्द अडतो का?" आत्या खाली वाकून पलंगाखाली बघत म्हणाली. "शेवटी कात्री बारकीचीच. मी तर केव्हापासून सांगतेय."

खरंच ती केव्हापासून सांगत होती. वहिनी, म्हणजे बारकीची आई, गप्प राहून विरोध करत होती, भाऊ हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. आत्याच अप्पांच्या बाजूने ठाम उभी होती. पलंगाखालचा हात बाहेर काढून तिने सवयीने उजवा अंगठा डाव्या मुठीत चोळला. इतक्या वर्षांच्या कापणीने त्या अंगठ्याला घट्टा पडला होता. कात्री अप्पांची म्हणायची, पण रोज सकाळी ती हातात घेत होती आत्याच.

दार वाजलं. ओल्या केसांनी बारकी आत आली, आणि अप्पा आरशासमोर टाय बांधायला गेलेले बघून तिने आत्याला बाहेरच्या बोळात ओढलं.

"आत्या, काका किती पितो ग?"

"आज मोजदाद कशाला काढलीस? पिंप म्हण." आत्या हसली. मग थांबली. "का? काही गोंधळ घातला का त्याने?"

"तू कधी त्याच्यापाशी बसून काही सांगितलंयस?"

आत्याचा अंगठा पुन्हा मुठीत गेला. "त्याला सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं," ती म्हणाली. "का ग?"

"काही नाही."

बोळातल्या गालिच्यावर बारकीच्या केसांतून पाणी ठिबकत राहिलं. म्हणजे आत्यासुद्धा. आणि आई? आईसुद्धाच असणार. तिला एकदम वाटलं, आपल्या घराला एक भोक आहे आणि त्यातून इतकी वर्षं एक डोळा बघतोय.

*

काकाने बूट घालताना बिल्ला उजव्या मोज्यात, घोट्याशी सरकवला. पितळ थंडगार लागलं.

तो घाबरला होता. प्रत्येक वेळी घाबरायचाच. लोकांना वाटतं पडणं सोपं असतं. पण पडायचं असं, की लागायला नको, आणि लागलं असं वाटायला तर हवं. आज टेबलावर सूप असणार. अप्पा उजवीकडे बसतील. उठायचं, झोक जायचा, टेबलक्लॉथ धरायचा, आणि सूप अप्पांच्या कोटावर. आत्या ओरडेल. दादा त्याला धरून केबिनमध्ये नेईल. जेवण मोडेल, बिल्ला तर नाहीच, आणि अप्पा रागाच्या भरात पोरीला काही सोपवायचे नाहीत. मग उद्या दुपारपर्यंत कसंतरी पोरीला म्हणायचं, हो कळव. कसं म्हणायचं, ते मात्र त्याला अजून सुचलं नव्हतं. दारुड्याने कालची गोष्ट लक्षात ठेवलेली कशी दाखवायची?

आरशात बघून त्याने डोळे जरा चोळून लाल केले आणि तोंडात लवंग टाकली. वास लपवायला, असं सगळे समजत. वास नाही, हे लपवायला.

*

जेवणाचं दालन मोठं होतं. शेजारच्या टेबलांवर लोक फोटो काढत होते. काचेबाहेर उजेड अजून होता आणि समुद्र कापड ताणून धरावं तसा सपाट दिसत होता. गोल टेबलाभोवती सहाजण बसले. सूप आलं. अप्पांनी चमच्याने पेला वाजवला.

"मला चार शब्द बोलायचेत."

आईने हातरुमाल मांडीवर घट्ट धरला. बाबा सुपात बघत होते.

"आपल्याकडे कात्री कुणाच्या हातात जाते, त्याला अर्थ आहे," अप्पा म्हणाले. "माझ्या वडिलांनी ती मला दिली तेव्हा मी बारकीएवढाच होतो. मलाही तेव्हा वाटलं होतं, मी कसला..."

"अप्पा!" काका खुर्ची मागे ढकलून उभा राहिला. त्याचा झोक गेला. "मी पण... मी पण चार शब्द..."

"झालं," आत्या म्हणाली. "लागली गाडी घसरायला. आजचा दिवस तरी सोडायचास रे!"

"बस रे खाली," बाबा म्हणाले. "लोक बघताहेत."

"बघू देत. माझ्या वडिलांचा... माझ्या वडिलांचा कोट..." काकाच्या हाताने टेबलक्लॉथची कड पकडली.

बारकी त्याच्या समोर होती. इतरांना त्याचा झोक दिसत होता, तिला डोळे दिसले. ते डोळे सुपाचा वाडगा आणि अप्पांचा कोट यांच्यामधलं अंतर मोजत होते. आत्या कापड कापण्यापूर्वी मोजते, तसं.

"काका, नाटक बंद कर!"

तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. शेजारच्या टेबलावरचे कॅमेरे खाली झाले.

"तू पीत नाहीस," ती म्हणाली. आता थांबता येत नव्हतं. "हा पीत नाही, अप्पा. हा पिवळ्यांच्या काउंटरवरून घेतो. माझ्या काउंटरवरून! चहा आहे तो. आत्या, वास घे." तिने त्याच्या ताटाशेजारचा ग्लास उचलून आत्याच्या नाकाखाली धरला.

"काय बोलतेस तू, बारके..." म्हणत आत्याने वास घेतला. पुन्हा घेतला. मग एक बोट बुडवून जिभेला लावलं. तिचा चेहरा कुणी मागून दोरी ओढावी तसा ताठ झाला.

"चहा आहे," ती म्हणाली.

काका उभाच होता. झोक थांबला होता. सरळ उभा राहिल्यावर तो अप्पांपेक्षा उंच दिसतो, हे बारकीच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं.

 एखादा दारू पिताना पकडला गेला, तर घरच्यांना काय बोलायचं ते ठाऊक असतं. इथे मात्र जो तो मनात मागे मागे जात होता, ओट्यावरच्या एकेका संध्याकाळपर्यंत.

पहिल्यांदा आई बोलली. "भाऊजी," तिचा आवाज अगदी बारीक होता, "माझी आई गेली त्या आठवड्यात मी जे..."

"आठवतं, वहिनी."

आईने तोंडावर हात ठेवला.

"आणि आज दुपारचं?" बाबांनी विचारलं.

"तेही, दादा."

"मागचं?"

"सगळंच."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. "मी तुला म्हटलं होतं, की आता आणखी एक दिवस कारखान्यात गेलो तर माझं डोकं फुटेल. दुसऱ्याच दिवशी सकाळी तू येऊन दारात आडवा पडलास. माल न्यायला आलेली गाडी आत येईना. दिवसभर कारखाना बंद. मी तुला किती शिव्या दिल्या!"

"आणि मग घरी जाऊन झोपलास. तुला झोप हवी होती."

"तू तेव्हा शुद्धीत होतास?"

"चिखल फार थंड होता, दादा."

बाबांच्या तोंडून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की कसला, ते कळलं नाही.

"केव्हापासून?" आत्याने विचारलं. ती अजून ग्लासाकडेच बघत होती.

"ही शाळेत जायला लागली तेव्हापासून." काका हळूच खाली बसला. "पोटाने दगा दिला होता. डॉक्टर म्हणाला, आणखी प्यायलास तर संपलास. सोडली. तुम्हाला सांगणारच होतो. त्याच संध्याकाळी ओट्यावर ग्लासात चहा घेऊन बसलो होतो आणि दादा आला. बसला. बोलायला लागला. जन्मात माझ्याशी धड चार वाक्यं न बोललेला माणूस. मग तू आलीस, ताई. मग वहिनी. मला कारखान्यात कुणी विचारत नव्हतं, घरात विचारत नव्हतं. ग्लास खाली ठेवला असता, तर माझ्यापाशी कोण बसलं असतं?"

"चोरून ऐकलंस तू आमचं," आत्या म्हणाली.

"हो."

"आणि मी तुला रोज दारुड्या म्हणत होते. रोज. तुला लाज नाही वाटली मला म्हणू देताना?"

"तू म्हणायचीस म्हणून तर सगळ्यांना खरं वाटायचं, ताई."

 अप्पांनी चमचा टेबलावर ठेवला. तो नीट ठेवला गेला नाही, खाली पडला. कुणी उचलला नाही.

"म्हणजे तुम्ही सगळे याच्याशी बोलत होतात," ते म्हणाले. "सगळे. इतकी वर्षं. आणि माझ्याशी जेवताना 'मीठ कमी आहे' एवढंच."

"अप्पा, तुम्हीसुद्धा..." काकाने सुरुवात केली.

"गप्प बस!"

 अप्पांनी उजवा हात टेबलाखाली नेला. तिथे तो हात त्यांनी मिटायचा प्रयत्न केला, आणि बोटं नेहमीसारखीच अर्ध्यावर थांबली. ही बोटं वळत नाहीत, मला कात्री धरवत नाही, आणि ती दिली की या घरात मला कोण विचारणार, असं ते एका संध्याकाळी ओट्यावर बोलून गेले होते. आपल्या दारुड्या मुलाच्या खांद्याला धरून. सकाळी त्याने विचारलं होतं, काल तुम्ही आला होतात का हो अप्पा? आणि तेव्हापासून ते बिनघोर होते.

"मग माझं काय?" बारकी म्हणाली. तिला आता रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता. "काल मी तुला सगळं सांगितलं. तुला कळत होतं. तू नुसता डोलत बसलास! आज रात्री, उद्या, काय करणार होतास तू? असाच ऐकून घेऊन गप्प?"

काकाने वाकून बूट काढला. मोज्यातून बिल्ला काढून त्याने पावाच्या टोपलीशेजारी ठेवला.

"हे," तो म्हणाला. "आणि मग सूप अप्पांच्या कोटावर सांडणार होतो. जेवण मोडलं असतं. आजचं टळलं असतं. तेवढ्यात तू होकार कळवला असतास. पण तू मध्येच..."

बारकीने बिल्ल्याकडे पाहिलं, मग सुपाच्या वाडग्याकडे.  म्हणजे तो तिच्यासाठीच उभा राहिला होता, आणि तिनेच त्याला सगळ्यांसमोर उघडं पाडलं होतं.

"कसला होकार?" अप्पांनी विचारलं.

 बारकीने काकाकडे पाहिलं. "सांग तू. आता लपवून काय उपयोग? सगळ्यांचं सांगून टाक."

"नाही," काका म्हणाला. "ते माझं नाही." आणि त्याने आपला ग्लास टेबलावरून सरकवत आपल्या भावापुढे नेऊन ठेवला. "दादा, घे. घोटभर घे आणि दुपारी मला म्हणालास ते अप्पांना म्हण."

"चहा आहे ना हा?"

"चहाच आहे. तरी घे."

बाबांनी ग्लास हातात घेतला. इतकी वर्षं ते या ग्लासासमोर बसले होते, पण त्याला कधी हात लावला नव्हता. एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं.

"अप्पा, मला कारखाना नको," ते म्हणाले. "कधीच नको होता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी रोज जातो. आणि मला नको तो मी माझ्या मुलीच्या गळ्यात बांधायला निघालो होतो." त्यांनी ग्लास घाईने बायकोकडे सरकवला, जणू तो हातात राहिला तर आणखी काही बोलावं लागेल.

आईने ग्लासाला ओठ लावले नाहीत. "तिला बाहेर शिकायला जागा मिळालीय, अप्पा," ती म्हणाली. "जुनी कापडं वाचवण्याचं शिक्षण. तिने मला सांगितलं नाही. मी तिला फोनवर बोलताना ऐकलं. जाऊ दे तिला. एवढंच मी भाऊजींना म्हटलं होतं, की कुणीतरी तिला जाऊ द्या."

"आई!"

"तू काकाला सांगितलंस," आई म्हणाली. "मीही काकालाच सांगितलं."

अप्पा आत्याकडे वळले. सगळ्या टेबलात तेवढी एकच बाजू त्यांची उरली होती. "तू बोल. तू तर पहिल्यापासून म्हणतेस, कात्री बारकीलाच द्या."

आत्याने ग्लास उचलला. घोट घेतला नाही, सगळा ग्लास एका दमात रिकामा केला, बर्फासकट, आणि लवंग दाताखाली फोडली.

"तुम्ही माझं नाव घेतलं नसतं म्हणून," ती म्हणाली. "म्हटलं, निदान माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरीला मिळू दे. कात्री मी चालवते, अप्पा. रोज. तुम्ही म्हणता आमची कात्री, आणि सकाळी ती मी उचलते. द्यायची तर मला द्या. नसेल द्यायची तर तसं माझ्या तोंडावर सांगा, पण ती हिला देऊ नका."

अप्पा तिच्याकडे बघतच राहिले. आपल्या उजव्या हाताला रोज बसणाऱ्या या मुलीकडे त्यांनी बहुधा फार दिवसांत नीट पाहिलं नव्हतं. ग्लासाभोवती मिटलेल्या तिच्या अंगठ्यावरचा घट्टा त्यांना दिसला. तो कसला, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तसाच त्यांच्या अंगठ्यावर होता, कधीकाळी.

त्यांनी हात टेबलावर आणला. बिल्ला उचलायला गेले, बोटं वळली नाहीत, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी तळहाताच्या कडेने तो ढकलला. टेबलक्लॉथच्या चुणीत तो अडकला. कुणी मदत केली नाही. त्यांनी पुन्हा ढकलला. बिल्ला आत्याच्या ताटाला लागून थांबला.

आत्याने तो लगेच उचलला नाही. "चमचा पडलाय तुमचा," ती म्हणाली, आणि वाकून तो शोधत बराच वेळ टेबलाखालीच राहिली.

"आणि तू?" अप्पांनी बारकीला विचारलं. त्यांचा आवाज अगदी दमलेला होता. "तुझ्या तोंडून ऐकू दे. आज सगळेच बोलताहेत."

ग्लास रिकामा होता. काकाने हात वर केला, आणि वेटर मिशीवाल्याने काकासाठी भरून ठेवलेला तसाच जाड बुडाचा दुसरा ग्लास घेऊन आला. बारकीने हात पुढे केला. वेटरने तिचं मनगट पाहिलं आणि ट्रे मागे घेतला.

"माफ करा, मॅडम. पिवळा पट्टा. तुम्हाला नाही देता येणार."

"चहा आहे हो तो!" आत्या टेबलाखालून ओरडली.

"चहाच आहे," बाबा म्हणाले.

"नुसता चहा," आई म्हणाली.

वेटरने पाहुण्यांचे असे शब्द पुष्कळ ऐकलेले असावेत. तो हसून तसाच उभा राहिला. तेव्हा काकाने घसा साफ केला. दालनातल्या निम्म्या लोकांना ऐकू जाईल इतक्या स्वच्छ आवाजात तो म्हणाला, "मी सांगतो ना. माझाच ग्लास आहे. मी दारू पीत नाही."

वेटरने ग्लास नाकाशी नेला आणि बारकीपुढे ठेवला.

तिने घोट घेतला. कडू होतं, आल्याने घसा जळला, तिला ठसका लागला. या असल्या गोष्टीपाशी आपलं सगळं घर इतकी वर्षं रांग लावून बसत होतं.

"मला जायचंय, अप्पा," ती म्हणाली. "उद्यापर्यंत थांबत नाही. जेवण झालं की लगेच कळवते."

 अप्पांनी मानही हलवली नाही. त्यांनी पाव तोडायला घेतला, तो जमेना, तेव्हा आत्याने वर येऊन, न विचारता, तोडून त्यांच्या ताटात ठेवला. तो त्यांनी खाल्ला.

बारकीने ग्लास काकाकडे परत सरकवला. त्याने तो घेतला नाही. तो तसाच दोघांच्या मध्ये राहिला, बर्फ वितळत.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "मी आत्ता जे म्हटलं, ते उद्या विसरू नकोस."

"नाही विसरणार," काका म्हणाला. आणि आपले दोन्ही रिकामे हात कुठे ठेवावेत हे न कळून त्याने ते टेबलावर ठेवले, मग मांडीवर घेतले, मग पुन्हा टेबलावर.